मांसाहार, शाकाहार की व्हीगन? : एकाच ताटातले दोन प्रश्न



पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे बैलाला ओवाळतात, पुरणपोळी चारतात. दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी नागपुरात कितीतरी घरी मटण शिजतं. मागे एकदा करीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, पोळ्याला बैलाची पूजा आणि करीला बकरा, हे कसं काय जी?" वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "तू दूध पितेस न? मग वासराचं काय?" तिसरा म्हणाला, "मटण नाही खाल्लं तर अंगात ताकद कुठून येईन?" तास संपला, पण वाद काही संपला नाही.

हाच वाद घरात, लग्नाच्या पंगतीत आणि मोबाईलवर रोज चालतो. तो संपत नाही याचं एक साधं कारण आहे. त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला प्रश्न : प्राण्याला मारून किंवा वापरून खाणं योग्य आहे का? हा नीतीचा प्रश्न. दुसरा प्रश्न : माझ्या शरीराला काय लागतं आणि ते कुठून मिळतं? हा आरोग्याचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देऊन चालत नाही. आजच्या पाठात आपण हे दोन्ही प्रश्न वेगळे करून पाहू.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपण 'शुद्ध शाकाहारी' म्हणतो तेव्हा त्यात दूध, दही, तूप धरलेलंच असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही दुधाच्या पदार्थाला मिळतो. व्हीगन माणूस मात्र दूध, तूप, पनीर, अंडी, मध यांपैकी काहीच खात नाही. शक्य तिथे तो चामडं आणि रेशीमही टाळतो. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली रूढ केला. आपल्या देशात २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि पाकिटावर वेगळी खूण आली. म्हणजे कायद्यानेही मान्य केलं की शाकाहारी वेगळा आणि व्हीगन वेगळा.

शब्द नवा असला तरी असं जेवण आपल्याला नवं नाही. तर्री पोहे, तेलाची फोडणी दिलेला वडाभात, पाटोडी रस्सा, झुणका-भाकर, जवसाची चटणी हे सगळे पदार्थ व्हीगनच आहेत, फक्त आपण त्यांना तसं म्हणत नाही. संत्रा बर्फी मात्र व्हीगन नाही, कारण त्यात खवा असतो.

सेवाग्रामचा धडा

हे दोन प्रश्न एकाच माणसाच्या आयुष्यात कसे समोरासमोर आले, याचं उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे. नागपूरहून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. महात्मा गांधी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. आश्रम पाहायला गेलेल्यांना शेळीच्या दुधाची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. ती गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेत होते तेव्हा, १९१२ मध्ये, त्यांनी दूध सोडलं. जास्त दूध काढण्यासाठी गाईम्हशींचे कसे हाल करतात, हे त्यांनी वाचलं होतं. शिवाय दूध हा माणसाचा स्वाभाविक आहार नाही, असंही त्यांना वाटत होतं. म्हणजे व्हीगन हा शब्द जन्माला येण्याआधी बत्तीस वर्षं ते जवळपास तसेच जेवत होते.

पुढे १९१८ मध्ये ते गुजरातेत होते. दाणे वाटून केलेलं लोणी आणि लिंबू यांवर त्यांचं बरंचसं भागत होतं आणि दगदग प्रचंड होती. त्यात त्यांना जबर आव झाली. महिनोन्‌महिने अंगात शक्ती येईना. मुंबईत डॉक्टर दलाल यांनी स्पष्ट सांगितलं, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजी म्हणाले, माझं व्रत आहे. जवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या की मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती! गांधीजी कबूल झाले आणि १९१९ पासून शेळीचं दूध घेऊ लागले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण पुढचा भाग महत्त्वाचा. गांधीजींनी आत्मचरित्रात ही तडजोड लपवली नाही. आपण व्रताचा शब्द पाळला पण त्याचा आत्मा दुखावला, असं त्यांनी मान्य केलं. 'शेळीचं दूध म्हणजे पाप नाहीच' असं म्हणून स्वतःची समजूत घातली नाही. आणि 'दुधाची शरीराला गरजच नाही' असं लोकांना सांगत फिरलेही नाहीत. उलट १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी अनुभवावरून लिहिलं की मांस न खाणाऱ्याला दुधाची जोड लागते. दुधाची जागा घेईल असं काहीतरी वनस्पतींच्या अफाट राज्यात असणारच, ते शोधलं पाहिजे, अशी आशाही त्यांनी त्यात व्यक्त केली. त्याच पुस्तकात त्यांनी म्हटलं की ज्याला दूध चालतं त्याला निर्जीव, म्हणजे ज्यातून पिल्लू निघणार नाही अशा अंड्याची हरकत असायचं कारण नाही.

वर्ध्याला मगनवाडीत त्यांनी १९३५ मध्ये सोयाबीनचे प्रयोगही केले. तेव्हा सोयाबीन आपल्याकडे नवलाचं धान्य होतं. आज तेच पीक विदर्भातल्या लाखो हेक्टरांवर उभं असतं.

१९४८ साली काय सापडलं?

आता विज्ञानाकडे येऊ. गांधीजींचा मृत्यू ३० जानेवारी १९४८ रोजी झाला. त्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंडमधल्या प्रयोगशाळांनी एक लाल रंगाचं जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. तेच जीवनसत्त्व बी-१२.

शरीराला याची गरज किती? दिवसाला जेमतेम दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पण तेवढंही मिळालं नाही तर रक्त नीट तयार होत नाही आणि मज्जातंतू दुखावतात. हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं, तोल जातो. यकृतात याचा साठा असतो. त्यामुळे आज दूध-अंडी सोडली तरी त्रास लगेच होत नाही, काही वर्षांनी दिसतो. म्हणूनच 'मी दोन वर्षं व्हीगन आहे, मला काही झालं नाही' हा पुरावा होत नाही.

आता यातली गंमत बघा. बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत, आणि गाय-बकरीही करत नाहीत. ते तयार करतात सूक्ष्मजीव. गाईच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, तिथून ते दुधात आणि मांसात येतं. मग असे जिवाणू कारखान्यातल्या टाकीत वाढवले तर? आज बी-१२ ची गोळी अशीच बनते. म्हणजे दुधाला पर्याय शोधायची जी इच्छा गांधीजींनी १९४२ मध्ये लिहिली, तिचा एक मोठा भाग आता पूर्ण झाला आहे. पण गोळी घेतली तरच! पालेभाजी न धुता खा, ताडीमाडी प्या, इडलीच्या पिठात बी-१२ तयार होतं, असले सल्ले मोबाईलवर फिरतात. त्यांवर विसंबू नका.

आणि हा प्रश्न फक्त व्हीगन लोकांचा नाही बरं का. पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात निम्म्याहून जास्त मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. त्या काही व्हीगन नव्हत्या. चहापुरतं दूध आणि सणावारी मटण, एवढ्यानं गरज भागत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

ताकद कुठून येते?

मागच्या बाकावरच्या मित्राचा प्रश्न प्रथिनांचा होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ५० किलो वजन असेल तर सुमारे ४२ ग्रॅम. वाढीच्या वयात थोडी जास्त.

आता हिशेब करू. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. १०० ग्रॅम कच्च्या मटणात सुमारे २०. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२, शेंगदाण्यात २५, सोयाबीनमध्ये ३५ ते ४०. आकडे पाहून वाटेल, मग डाळच जिंकली! पण थांबा. १०० ग्रॅम डाळ म्हणजे घट्ट वरणाच्या तीन-चार वाट्या. घरोघरी जे पातळ वरण भातावर घेतात, त्यात डाळ किती आणि पाणी किती, हे एकदा आईला विचारा.

शिवाय सगळी प्रथिनं सारखी नसतात. भातात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते भातात असतं. म्हणून वरण-भात किंवा झुणका-भाकर ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. ही जोडी आपल्या आजीनं प्रयोगशाळेत न जाता जमवली होती.

लोहाचं पाहा. मांसातलं लोह शरीर सहज घेतं, पालेभाजी-डाळीतलं त्या मानानं कमी घेतं. देशात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. म्हणून मुलींनो, हे लक्षात ठेवा : भाजीवर लिंबू पिळा किंवा जेवणात संत्र्याच्या दोन फोडी घ्या, लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणाला लागूनच चहा पिऊ नका, त्यानं उलटं होतं. दूध सोडायचं असेल तर कॅल्शियमसाठी न सोललेले तीळ आणि नाचणी हे चांगले आधार आहेत.

तज्ज्ञांचं एकमत आहे का? नाही. अमेरिकेच्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये म्हटलं की नीट आखलेला व्हीगन आहार सर्व वयात पुरेसा ठरू शकतो. त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेनं गरोदर स्त्रिया आणि वाढत्या मुलांसाठी तो सुचवत नाही असं सांगितलं. दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं : बी-१२ वेगळं घ्यावंच लागतं.

मग मांसाहारात सगळं छानच आहे का?

तसंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम वगैरे, कर्करोगकारक गटात टाकलं. बोकड, गाय, डुक्कर यांचं लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. त्यावर बातम्या आल्या, 'मांस तंबाखूइतकंच घातक!' हे चूक होतं. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी म्हटलं. समजा १०० पैकी ५ जणांना तो होणार होता, तर आता सुमारे ६ जणांना होईल. धोका खरा आहे, पण तंबाखूएवढा नाही.

आता आपली सावजी भाजी घ्या. कोष्टी-विणकर समाजाच्या घरातून आलेलं हे नागपूरचं वैभव. पण दर आठवड्याला तर्रीदार रस्सा ओरपून 'मटणानं पित्त झालं' म्हणणाऱ्याला मी विचारतो, मटणानं झालं की वर तरंगणाऱ्या तेलानं आणि तिखटानं? तेच तेल तर्री पोह्यातही असतं, आणि ते तर व्हीगन! बटाट्याचे चिप्स आणि शीतपेयही व्हीगन आहेत. म्हणजे 'व्हीगन' या शब्दावरून पदार्थ आरोग्याला चांगला की वाईट हे कळत नाही. ताटात तंतुमय पदार्थ किती, तेल-मीठ-साखर किती, भाजी-फळं किती, हे पाहावंच लागतं. मांसात तंतुमय पदार्थ अजिबात नसतात, म्हणून मांसाहाराच्या ताटातही भाकरी, भाजी, कांदा-काकडी हवीच.

आता नीतीचा प्रश्न

आरोग्याचा हिशेब वहीत मांडता येतो. नीतीचा तितका सहज मांडता येत नाही, पण विचार करता येतो.

व्हीगन बाजूचा मुख्य मुद्दा वेदनेचा आहे. कोंबडीला, बकऱ्याला दुखतं, भीती वाटते. गरज नसताना चवीसाठी त्यांना दुखवणं बरोबर नाही. बॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापली जाते. अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं उपयोगाची नसतात म्हणून बहुतेक ठिकाणी जन्मताच मारली जातात. दुधाचंही तसंच. गाय दूध देते ती व्याल्यावर. गोऱ्हा झाला आणि शेतात ट्रॅक्टर असेल, तर त्या गोऱ्ह्याचं काय होतं? हा प्रश्न शुद्ध शाकाहारी माणसालाही टाळता येत नाही. महाराष्ट्रात गाईबरोबर बैलांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. पण म्हाताऱ्या बैलाला मरेपर्यंत वैरण-पाणी कोणी घालायचं, हा खर्चाचा प्रश्न शेतकऱ्याच्या दारात उभाच आहे. पोळ्याला ओवाळून तो सुटत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. विदर्भात भूमिहीन घरातल्या बाईकडे दोन-चार शेळ्या असतात. पोराची फी, दवाखाना, बी-बियाणं, अडचण आली की एक शेळी विकली जाते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही. भंडारा-गोंदियाच्या तलावांवर ढिवर समाजाची पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आहे. त्यांना 'मासे मारू नका' म्हणणं सोपं, पण मग त्यांनी काय करावं, हे सांगणाऱ्यानं सांगितलं पाहिजे. शिवाय शेतीतही जीव मरतात. कपाशीवरच्या फवारणीत, रानडुकरापासून पीक राखताना. शून्य हिंसेचं ताट कोणाच्याच समोर नसतं. व्हीगन माणूस यावर म्हणतो, 'शून्य नाही जमत, कमी तर करता येते.' हे उत्तरही विचार करण्यासारखं आहे.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथे कोण काय खातो यावरून माणसाची जात ओळखली गेली, त्याला लांब बसवलं गेलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. तो मुद्दा माणसाच्या प्रतिष्ठेचा होता. म्हणून वर्गात एक नियम पक्का : कोणाच्या डब्याला नाक मुरडायचं नाही. प्राण्यावरच्या दयेसाठी शेजारच्या बाकावरच्या माणसाचा अपमान करावा लागत असेल, तर ती कसली दया?

अंडं की केळं?

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर शाळेच्या ताटाकडे बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, आणि जे अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा फळ. त्यावर विरोध झाला, समर्थन झालं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा वेगळा निधी थांबला.

अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं आणि अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं. केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम, बी-१२ शून्य. केळं चांगलं फळ आहे, पण ते अंड्याची जागा घेत नाही. ज्या मुलाच्या घरी दूधही नाही आणि मटण सणालाच, त्याला आठवड्याचं ते एक अंडं फार मोलाचं. आणि ज्याच्या घरी अंडं चालत नाही, त्याच्या भावनेचा मान ठेवायचा तर केळ्याबरोबर मूठभर फुटाणे-शेंगदाणे, पेलाभर दूध, असं काहीतरी खरंखुरं द्यायला हवं. नीतीचा मान ठेवला म्हणून पोषणाचा हिशेब माफ होत नाही. आणि पोषणाचा आकडा दाखवला म्हणून कोणाच्या ताटात जबरदस्तीनं काही वाढता येत नाही.

थोडक्यात

मांस खाणाऱ्यानं 'हे न खाल्लं तर माणूस जगतच नाही' असं म्हणू नये, कारण ते खरं नाही. व्हीगन होणाऱ्यानं 'डाळ-भाजीतून सगळं मिळतं' असं म्हणू नये, कारण बी-१२ मिळत नाही. ज्याला प्राण्यांसाठी दूध-मांस सोडायचं आहे, त्यानं जरूर सोडावं, पण घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलून, बी-१२ ची सोय करून. वाढीच्या वयात एखादा व्हिडिओ पाहून एका रात्रीत नाही. आणि ज्याला खायचं आहे, त्यानं ते प्राण्याच्या जिवावर आलं आहे हे विसरू नये. प्रमाणात खावं, ताटात टाकू नये.

गांधीजींनी नीती सोडली नाही, शरीराचं सत्यही नाकारलं नाही. दोन्ही जमले नाहीत तेव्हा जमले नाहीत असं लिहून ठेवलं. या विषयावर बोलताना आपल्यालाही तेवढा प्रामाणिकपणा ठेवता आला पाहिजे.

स्वाध्याय

१. काल दिवसभरात तुम्ही जे खाल्लं त्याची यादी करा. त्यातले व्हीगन पदार्थ किती, शाकाहारी किती, मांसाहारी किती?

२. तुमच्या ताटातली प्रथिनं अंदाजे मोजा. गरजेपेक्षा कमी निघाली तर घरात जे आहे त्यातून काय वाढवाल?

३. तुमचं मत लिहू नका. तुमच्या विरुद्ध मताच्या मित्राची बाजू दहा ओळीत अशी लिहा, की ती वाचून तो म्हणाला पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचं होतं."

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तो आधी सोडवा.